घर शाकारा, हक्क सांभाळा

पावसाळ्याचा विचार करावयाची खरी वेळ मृगाचा पहिला थेंब अंगावर पडतो ती नव्हे. चैत्राचे ऊन डोक्यावर तळपत असते ती होय. कोकणातील आमच्या माता-भगिनींस हे कोणी शिकवावयास नको. तांदूळ, मीठ, मसाला, सुकी मासळी व सरपण पावसापूर्वी घरात भरून ठेवण्याची, म्हणजे आगोटीची बेगमी करण्याची त्यांची चाल पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. परंतु जशी पोटाची आगोट तशी घराची आगोट करावी लागते, आणि घराच्या आगोटीबरोबर हक्कांचीही करावी लागते, ही गोष्ट आमच्या समाजाने अद्याप पुरती मनावर घेतलेली नाही. आज आम्ही आमच्या नवदीक्षित कुटुंबांशी, विशेषतः पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर व मुंबई-ठाण्याच्या चाळींत राहणाऱ्या कुटुंबांशी, ह्या विषयावर चार शब्द स्पष्टपणे बोलणार आहोत.

अरबी समुद्रात चक्रीवादळे उठण्याचे दोन हंगाम आहेत. पहिला मोसमी पावसाच्या अगोदरचा, एप्रिलपासून जूनपर्यंतचा. दुसरा पाऊस परतल्यावरचा, ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंतचा. चक्रीवादळ म्हणजे ओरिसाचे वा आंध्रचे संकट, आपल्याकडे येतो तो केवळ पाऊस, असे समाधान आमचे लोक वर्षानुवर्षे मानीत आले. ते समाधान आता उरलेले नाही. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ वादळ आपल्याच किनाऱ्यावर चढून आले. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ अलिबागच्या दक्षिणेस जमिनीवर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरहून अधिक होता. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली ह्या भागांत पत्रे उडाले, कौले फुटली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. त्यानंतर वर्षही पुरते लोटले नव्हते तोच मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ वादळ किनारा घासून मुंबईवरून गुजरातेकडे गेले. समुद्राचे पाणी तापत आहे आणि अशी वादळे वाढण्याचा धोका आहे, असे हवामानशास्त्रज्ञ सांगत आहेत. तेव्हा हे संकट एकदा येऊन गेले, आता पुन्हा कशास येईल, ह्या भ्रमात कोणी राहू नये.

वाऱ्याला जात नसते. परंतु वारा ज्या घरावर आदळतो त्या घराची जागा मात्र जातीने ठरवलेली असते. गावाच्या शिवेवर, ओढ्याच्या काठी, पाणी तुंबणाऱ्या सखल भागात किंवा डोंगराच्या उतारावर आमची वस्ती का आहे, ह्याचे उत्तर भूगोलात सापडत नाही. ते समाजरचनेत सापडते. चांगली, उंच व आडोशाची जागा आमच्या पूर्वजांस कोणी घेऊ दिली नाही. कोकणात तर घराखालची जमीनही खोताची असे. खोताची मर्जी फिरली की कूळ उघड्यावर पडे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, ते ह्याच अन्यायावर घाव घालण्यासाठी. पुढे १९४९ च्या कायद्याने खोती गेली. परंतु खोत गेला म्हणून घर उंचावर गेले असे झालेले नाही. जी घरे शिवेवर होती त्यांतील बहुतेक आजही शिवेवरच आहेत. म्हणून वादळात आमच्या वस्तीची हानी अधिक झाली तर त्यास कोणी नशिबाचा खेळ म्हणू नये. ती माणसांनी केलेल्या व्यवस्थेची हानी आहे, आणि माणसांनी जे केले ते माणसांस बदलता येते.

नशीब हा शब्द निघालाच आहे, तर धम्माविषयी दोन शब्द. दीक्षा घेतलेल्या काही घरांत आजही असे घडते, की आभाळ काळे झाले, समुद्र गर्जू लागला, म्हणजे एखादे वडीलधारे माणूस हळूच ग्रामदैवताच्या नावाने नारळ बाजूला काढून ठेवते. त्या वृद्ध माणसाचा उपहास करावा असे आम्ही म्हणणार नाही. भीती खरी आहे आणि सवय जुनी आहे. परंतु १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ज्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या गेल्या, त्यांचा अर्थ एवढाच नव्हे की देव्हाऱ्यातील मूर्ती काढून टाकावी. देव रक्षण करील ही आशा सोडली, म्हणजे रक्षणाची जबाबदारी आपल्याकडे आली, हा त्यांचा दुसरा अर्धा अर्थ होय. नारळ ठेवणे सोडले आणि कौलेही पाहिली नाहीत, तर त्या घराने जुने टाकले पण नवे घेतले नाही, असेच म्हणावे लागेल.

तथागतांनी अप्रमादाचा, म्हणजे सदैव सावध राहण्याचा उपदेश अखेरच्या क्षणापर्यंत केला. धम्मपदाच्या पहिल्याच वग्गात मनाची स्थिती समजावताना नीट न शाकारलेल्या घराचा दृष्टान्त दिलेला आहे. वर्षावासाचा नियम पाहा. ज्यास राहावयास धड निवारा नाही अशा भिक्खूने वर्षावास धरू नये, झाडाच्या ढोलीत वा उघड्यावर तो करू नये, असे विनयात सांगितलेले आहे. ज्यांनी घरदार सोडले त्यांच्यासाठीसुद्धा पावसाळ्यापूर्वी निवाऱ्याची व्यवस्था पाहणे हा शास्त्याने नियम केला; मग लेकराबाळांच्या गृहस्थाने ती पाहू नये काय? सिगाल नावाच्या गृहस्थपुत्रास उपदेश करतानाही बुद्धांनी मिळकतीचा एक भाग आपत्तीसाठी राखून ठेवावा असे सांगितले आहे. तेव्हा घराची डागडुजी हे प्रापंचिक काम आहे, त्याचा धम्माशी काय संबंध, असे कोणी समजू नये.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. चक्रीवादळात घर पडते ते बहुधा छपरापासून. वारा छपरावरून वेगाने जाताना पत्र्याच्या कडा वर खेचतो. आणि वाऱ्याच्या तोंडचे दार वा खिडकी उघडी राहिली, तर आत शिरलेला वारा छपरास खालून उचलतो. म्हणून पत्र्याचे हुक व बोल्ट एकेक करून तपासावेत, गंजलेले बदलावेत, कडेच्या ओळीत व कोपऱ्यांत ते अधिक दाट बसवावेत. वासे नुसते भिंतीवर टेकलेले असतील तर ते जाड तारेने वा लोखंडी पट्टीने भिंतीशी, खांबाशी आवळून घ्यावेत. फुटकी कौले बदलावीत. पत्र्यावर सुटे दगड ठेवण्याची चाल आहे, ती सोडावी; वादळात तोच दगड शेजाऱ्याच्या अंगावर येतो. वाळलेला वासा, कुजलेली रीप, वाळवीने पोखरलेला खांब पाहून आज टाळाटाळ करणे म्हणजे जूनमध्ये सबंध छप्पर गमावणे होय. घरावर झुकलेल्या फांद्या छाटाव्यात, नारळाची वाळकी झावळे व सुके नारळ उतरवून घ्यावेत. घराभोवतीचे चर, गटार व मोऱ्या मोकळ्या कराव्यात. दाराखिडक्यांच्या कड्या, कोयंडे व बिजागऱ्या घट्ट आहेत की नाहीत ते पाहावे.

ह्यांपैकी पुष्कळशी कामे पैशापेक्षा मनुष्यबळाची आहेत. एका घरास दोन माणसांचा एक दिवस लागतो. वाडीतील दहा तरुण एकत्र आले तर आठवड्यात सारी वाडी होते. ज्या घरी कर्ता पुरुष नाही, जेथे केवळ वृद्धा किंवा विधवा भगिनी राहते, त्या घराचे छप्पर सर्वांत आधी व्हावे. नोकरीसाठी मुंबईस राहणाऱ्या आमच्या बंधूंनी गणपतीच्या वा शिमग्याच्या रजेचा जुना हिशोब सोडून मे महिन्यातील चार दिवस गावच्या घरासाठी राखून ठेवावेत.

वादळाची सूचना आता अचानक येत नाही. हवामान खाते साधारणपणे तीन दिवस आधी पूर्वसूचना, दोन दिवस आधी सावधगिरीचा इशारा व एक दिवस आधी प्रत्यक्ष वादळाचा इशारा देते. पहिला इशारा ऐकताच पिण्याचे पाणी भरून झाकून ठेवावे; औषधे, विजेरी, काडेपेटी, कोरडा शिधा व लहान मुलांचे कपडे एका गाठोड्यात बांधावेत; धान्य माळ्यावर किंवा उंच फळीवर चढवावे. घर कच्चे असेल, किनाऱ्यालगत असेल वा उतारावर असेल, तर शेवटच्या क्षणाची वाट न पाहता दिवसाउजेडी घर सोडावे. गुरे दावणीला बांधून ठेवू नयेत. निघताना विजेचा मुख्य खटका व गॅसची टाकी बंद करावी. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. वादळाचा डोळा डोक्यावरून जाताना वारा एकाएकी पडतो व आभाळ निवळल्यासारखे वाटते. तेव्हा संकट टळले असे समजून पुष्कळ लोक बाहेर पडतात. आणि थोड्या वेळाने उलट्या दिशेने तितकाच भयंकर वारा सुटतो. अधिकृत सूचना मिळेपर्यंत निवारा सोडू नये. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ व मुंबई महापालिकेचा १९१६ घरातील प्रत्येक मुलास पाठ असावा.

येथवर सांगितले ते स्वतःच्या घराविषयी. परंतु आमच्या समाजातील फार मोठा भाग भाड्याच्या खोलीत राहतो, आणि तेथे ‘घर मालकाचे, आम्ही काय करणार?’ हा प्रश्न दरवर्षी विचारला जातो. वाचक हो, त्या प्रश्नास कायद्याने उत्तर दिलेले आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ज्या शहरांस व क्षेत्रांस लागू आहे, तेथे त्याच्या कलम १४ प्रमाणे जागा चांगल्या व राहण्यायोग्य स्थितीत ठेवण्याचे बंधन मालकावर आहे. भाडेकरूने करारात ह्याविरुद्ध काही कबूल केलेले नसले, म्हणजे झाले. मालक दुरुस्ती करीत नसेल तर भाडेकरूने किंवा अनेक भाडेकरूंनी मिळून त्यास किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी. त्यानंतर वाजवी मुदतीत त्याने काम केले नाही, तर भाडेकरूंनी ते स्वतः करून घ्यावे व खर्च भाड्यातून वळता करून घ्यावा. मात्र एका वर्षात अशी वळती करावयाची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशाहून अधिक होता कामा नये. मजुरीच्या व सामानाच्या पावत्या जपून ठेवाव्यात. भाडेकरूंनी ठेवलेला पावत्यांसह हिशोब मालकावर बंधनकारक असतो.

ह्यात दोन चुका आमच्या लोकांकडून होतात. पहिली ही, की तक्रार तोंडी केली जाते. जिन्यात गाठ पडली असता मालकास सांगितले, त्याने मान हलवली, एवढ्यावर पावसाळा उजाडतो. तोंडी तक्रार म्हणजे वाऱ्यावरची अक्षरे होत. नोटीस लेखी असावी, पोचपावतीसह टपालाने धाडावी आणि तिची प्रत घरी ठेवावी. दुसरी चूक ह्याच्या उलट टोकाची आहे. रागाच्या भरात भाडे देणेच बंद केले जाते. असे करू नये. थकलेले भाडे हे मालकाच्या हाती दिलेले शस्त्र आहे. दुरुस्तीचा हक्क मागणाराने राहिलेले भाडे चोख भरावे व त्याची पावती मागावी. पावती देणे हे मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे, तो उपकार नव्हे. तक्रार केली म्हणून पाणी वा वीज तोडण्याची धमकी कोणी दिली, तर त्याच अधिनियमाचे कलम २९ आपल्या पाठीशी आहे. न्याय्य व पुरेसे कारण नसताना आवश्यक सोयी तोडणे हा गुन्हा आहे.

लिव्ह अँड लायसन्सच्या कराराने राहणाऱ्यांची स्थिती निराळी आहे. कलम १४ चे संरक्षण भाडेकरूस आहे, परवानाधारकास नाही. म्हणून अशा कुटुंबांनी करारावर सही करण्यापूर्वीच गळती, छप्पर, खिडक्या व वीजजोडणी ह्यांची दुरुस्ती मालक पावसाळ्यापूर्वी करील, असे कलम त्यात घालून घ्यावे. करार लेखी व नोंदणीकृत असणे कायद्याने आवश्यक आहे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. जेथे भाडे नियंत्रणाचा कायदा लागू नाही अशा गावांत मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम १०८ पाहावे. आग, वादळ वा पूर ह्यांमुळे जागेचा महत्त्वाचा भाग नष्ट झाला किंवा कायमचा निरुपयोगी झाला, तर वेगळा करार नसल्यास भाडेपट्टा संपवण्याचा पर्याय भाडेकरूचा आहे. पडक्या घराचे भाडे मागणाऱ्यास हे कलम दाखवावे.

मुंबईतील जुन्या चाळींचा प्रश्न वादळापेक्षाही जुना आहे. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी महापालिका व म्हाडाचे दुरुस्ती मंडळ धोकादायक इमारतींची पाहणी करून याद्या जाहीर करतात. आपल्या इमारतीचे नाव त्या यादीत आले तरी भाडेकरू खोली सोडीत नाहीत, कारण एकदा बाहेर पडलो तर पुन्हा आत येणे नाही, ही धास्ती. ती धास्ती निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु जीव देऊन खोली राखता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शहा रतनशी खिमजी ह्या खटल्यात स्पष्ट केले, की इमारत पाडली गेली एवढ्यानेच भाडेकरूचा हक्क नष्ट होत नाही. म्हणून धोकादायक इमारत सोडावीच. मात्र सोडण्यापूर्वी भाडेकरूंची यादी व प्रत्येकाच्या खोलीचे क्षेत्रफळ महापालिकेच्या दप्तरी नोंदवून घ्यावे, त्याची प्रत मागून घ्यावी, आणि भाडेपावत्या व वीजबिले बरोबर न्यावीत. रिकाम्या हाताने बाहेर पडणारा भाडेकरू पुढे न्यायालयात रिकाम्या हातानेच उभा राहतो.

हा कागदांचा मुद्दा सर्वांसाठीच महत्त्वाचा आहे. छप्पर उडाले तर ते पुन्हा घालता येते. पाण्यात विरघळलेला वडिलांचा शाळेचा दाखला पुन्हा मिळवताना मुलाची अर्धी उमेद संपते. आमच्या कुटुंबांस तर कागदांचे मोल दुप्पट आहे. धर्मांतरानंतर बौद्धांस अनुसूचित जातींच्या सवलती केंद्र सरकारकडून मिळाव्यात ह्यासाठी समाजास १९९० पर्यंत झगडावे लागले. त्या वर्षी घटनेखालील आदेशात दुरुस्ती झाली. त्या लढ्याचे फळ आपल्या मुलाच्या पदरात पडते ते जातीच्या दाखल्याच्या रूपाने. म्हणून जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचे दाखले, शिधापत्रिका, आधारपत्र, घरपट्टीची पावती, घराचा ग्रामपंचायतीचा उतारा, सात-बारा असल्यास तो, भाडेकरार व बँकेचे पुस्तक हे सारे जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून एका डब्यात ठेवावे. त्यांची छायाचित्रे भ्रमणध्वनीत असावीत व दुसऱ्या गावच्या नातलगाकडेही असावीत. त्याबरोबरच आपल्या घराची, चारी भिंतींची, छपराची व आतील सामानाची छायाचित्रे वादळापूर्वीच काढून ठेवावीत. नुकसान किती झाले हे सिद्ध करावयाचे तर आधी काय होते हे दाखवावे लागते.

वादळानंतर दुसरी परीक्षा सुरू होते ती पंचनाम्याची. तलाठी म्हणून ज्यास आपण ओळखतो तो महसूल खात्याचा गावचा अधिकारी पंचनामा करतो, आणि घर पूर्णतः पडले की अंशतः, हे त्यात लिहिले जाते. मदतीची रक्कम ह्याच शब्दांवर ठरते. अंशतः पडझडीसाठीही नुकसान किमान पंधरा टक्के असावे लागते. घर अधिकृत असल्याचा आधारही मागितला जातो. झोपडीसाठीही मदतीची तरतूद आहे. ज्यांचे घर वाहून गेले वा पूर्णतः पडले त्या कुटुंबास कपडे व भांड्यांसाठी वेगळी मदत असते. घर आपले नाही, आपण भाडेकरू आहोत, म्हणून आपणास काहीच मिळणार नाही असे समजून गप्प बसू नये. पंचनामा होताना घरी हजर राहावे, तो वाचून मगच सही करावी, आणि मुख्य रस्त्यावरील चार घरे पाहून कोणी परत जात असेल तर त्यास विनयाने पण निश्चयाने वस्तीपर्यंत आणावे. यादीत नाव नसेल तर तहसीलदाराकडे लेखी अर्ज करावा. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली पंचनाम्याची व लाभार्थ्यांच्या यादीची प्रत मागता येते. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते.

निवाऱ्याचा प्रश्न ह्याहून नाजूक आहे. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर दलित कुटुंबांस निवाऱ्यात, पाण्यात व मदतवाटपात वेगळी वागणूक मिळाल्याच्या तक्रारी देशभर गाजल्या. समुद्राने सर्वांस एकाच लाटेत बुडवले, पण भाकरीच्या रांगेत माणसे पुन्हा जातीजातीने उभी केली गेली. पुढल्याच वर्षी आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ झाला. आपद्‌ग्रस्तांस भरपाई व मदत देताना लिंग, जात, समाज, वंश वा धर्म ह्यांवरून कोणताही भेदभाव केला जाणार नाही, असे त्याचे कलम ६१ सांगते. राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आहे. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ प्रमाणे सरकारी पैशावर चालणाऱ्या सार्वजनिक उपयोगाच्या जागेत अस्पृश्यतेच्या कारणावरून प्रवेश नाकारणे हा गुन्हा आहे. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहेच. गावच्या शाळेत निवारा उघडला असता ‘तुम्ही तुमच्या विहारात जा’ असे कोणी सांगितले, तर ती सूचना सोयीची नाही, बहिष्काराची आहे, हे ओळखावे. विहार आमचे आहे आणि शाळाही आमची आहे. कोठे सुरक्षित आहे ह्यावरून जागा ठरवावी. कोणाचा विटाळ होईल ह्यावरून नव्हे. असा प्रसंग घडल्यास तारीख, वेळ, उपस्थितांची नावे त्याच दिवशी लिहून ठेवावीत व जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे प्रमुख ह्या नात्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार करावी.

येथे आमच्या समाजातील एका वर्गास आम्हांस कटु वाटेल असे काही सांगावयाचे आहे. गेल्या दोन-तीन पिढ्यांत शिक्षण व नोकरी ह्यांच्या बळावर आमच्यातील काही कुटुंबांनी कल्याण, बदलापूर, पनवेल येथे घरे बांधली व खोल्या भाड्याने दिल्या. ह्याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु गावाहून आलेल्या आपल्याच बांधवाकडून अनामत घ्यावयाची, पावती द्यावयाची नाही, छप्पर गळते म्हटले की ‘परवडत नसेल तर दुसरी खोली पाहा’ असे उत्तर द्यावयाचे, ही रीत असेल तर त्या घराच्या दर्शनी भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लावून काय उपयोग? १९१७ साली बडोद्यास परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांस राहावयास जागा मिळाली नाही. मिळालेल्या पथिकाश्रमातून त्यांस जातीमुळे बाहेर काढण्यात आले. निवाऱ्यासाठी दुसऱ्याच्या दयेवर अवलंबून राहणे म्हणजे काय, हे ज्या समाजाच्या नेत्याने असे भोगले, त्या समाजातील घरमालकाने नवा खोत होऊ नये. आपल्या भाडेकरूचे छप्पर आपल्या छपराच्या आधी पाहणे, हीच त्याची खरी धम्मदीक्षा ठरेल.

कोणी म्हणेल, हे सारे ठीक, पण नोटीस दिली तर मालक डोळ्यांवर धरील. गावात हक्क बोललो तर वाळीत टाकतील. ही भीती आम्ही जाणतो. तिच्यावर उपाय एकच, तो म्हणजे एकट्याने काही करू नये. कायद्यानेच संयुक्त नोटिशीची वाट ठेवलेली आहे. एका कागदावर वीस सह्या असल्या म्हणजे एकाच घरावर राग काढणे सोपे राहत नाही. आणि वाळीत टाकण्याविरुद्ध तर महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्कारास प्रतिबंध करणारा स्वतंत्र कायदा केला आहे. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी लोक एकेकटे गेले नाहीत. ते सत्याग्रहींच्या समुदायाने गेले. ज्या महाड तालुक्याने तो दिवस पाहिला, त्याच तालुक्यात २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्या भूमीतील लोकांस संघटनेचे व सावधगिरीचे मोल आणखी काय सांगावे!

म्हणून आम्ही प्रत्येक विहाराच्या मंडळापुढे एक साधा कार्यक्रम ठेवीत आहोत. १४ एप्रिलच्या जयंतीस ध्वनिक्षेपक व रोषणाई ह्यांवर जो खर्च होतो, त्यातील काही भाग वस्तीतील सर्वांत कच्च्या घरांच्या पत्र्यांसाठी व वाशांसाठी काढावा, आणि भाडेकरूंच्या संयुक्त नोटिशींवर त्याच दिवशी सह्या व्हाव्यात. म्हणजे पंधरा दिवसांची मुदत एप्रिल संपताच संपते व कामास मे महिना मोकळा राहतो. बुद्धपौर्णिमेस वंदना झाल्यावर तीन जणांच्या समितीने, ज्यात एक तरी भगिनी असावी, वस्तीतील प्रत्येक छप्पर, विहाराचे छप्पर व निवाऱ्याची शाळा पाहून यावे. वृद्ध, आजारी, गरोदर स्त्रिया व अपंग ह्यांची यादी करून त्यांस हलवण्याचे काम कोणाचे, हे नावानिशी ठरवावे. घरकुलासाठी पात्र असलेल्या कुटुंबांचे अर्ज भरून द्यावेत. रमाई आवास योजना अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठीच आहे, आणि पक्के घर हीच वादळाविरुद्धची कायमची सिद्धता होय. पुढे १४ ऑक्टोबरच्या सुमारास, दुसरा हंगाम सुरू होताना, हीच पाहणी पुन्हा करावी.

बंधु-भगिनींनो, मृग लागण्यास अजून अवधी आहे. आज संध्याकाळी अंगणात उभे राहून आपल्या छपराकडे एकदा नीट पाहा, आणि मग तीच नजर शेजारच्या छपरावर टाका. जेथे कौल फुटले असेल तेथे शिडी लावा. जेथे मालक ऐकत नसेल तेथे कागद काढा. हे काम उद्यावर टाकू नका.